डोंगराच्या पदरात

पुणे–नाशिक महामार्गावर मंचर आलं की पश्चिमेला एक रस्ता फुटतो. घोडेगाव, शिनोली, डिंभे अशी गावं मागे पडत जातात. डिंभ्यापर्यंत बागायत आहे, उसाचे ट्रॅक्टर वाटेत भेटत राहतात. धरणाची भिंत ओलांडली की मुलूख बदलतो. एका अंगाला घोड नदीचं अडवलेलं पाणी, दुसऱ्या अंगाला डोंगर आणि दोहोंच्या मधून वळणं घेत जाणारा अरुंद रस्ता. पावसाळ्यात आलं तर डोंगर दिसतच नाही. दिसतात ते ढग आणि ढगांतून उतरणारे पांढरे ओहोळ. खाचरांत भाताची लावणी करणारी माणसं इरल्याऐवजी आता प्लास्टिकचा कागद डोक्यावरून घेऊन वाकलेली असतात. हा आंबेगाव तालुक्याचा आदिवासी पट्टा आहे. महादेव कोळी समाजाची वस्ती, भात, नाचणी आणि वरईची शेती, आणि हंगामात हिरडा गोळा करून हाती येणारे चार पैसे. याच रस्त्यावर माळीण आहे.

३० जुलै २०१४ च्या सकाळी एसटीची गाडी नेहमीच्या फेरीला माळीणकडे आली, तेव्हा गाव जागेवर नव्हतं. घरांच्या जागी चिखलाचा प्रचंड ढीग होता. बाहेरच्या जगाला या घटनेची खबर मिळाली ती एसटीच्या या फेरीमुळे. चाळीसहून अधिक घरं गाडली गेली होती. मृतांचा आकडा पुढे १५१ वर गेला. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान भर पावसात कित्येक दिवस चिखल उपसत होते. एक तान्हं बाळ आणि त्याची आई त्यातून जिवंत निघाली, पण असे प्रसंग फार थोडे. गावची शाळा तेवढी उभी राहिली.

आज तिथे स्मारक आहे, गेलेल्यांच्या आठवणीसाठी लावलेली झाडं आहेत. वर नजर टाकली की डोंगर जिथून सुटला तो उतार कळतो. पाहणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येतो तो हा, की माणसं अशा जागी राहायला आलीच कशी?

उत्तर सह्याद्रीच्या घडणीतच आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा बाहेर पडला आणि थरावर थर पसरत गेला. त्याचा थंड होऊन बनलेला काळा कातळ म्हणजे आपला बेसॉल्ट. हे सगळे थर सारख्या ताकदीचे नाहीत. टणक थरांचे कडे झाले, मऊ थर झिजून त्यांचे उतार झाले. त्यामुळे घाटाखालून पाहिलं तर कडा, मग थोडी मोकळी पट्टी, पुन्हा कडा, पुन्हा पट्टी अशी रचना दिसते. या पट्टीला गावकरी आणि गिर्यारोहक पदर म्हणतात. वरच्या कड्यातून सुटलेले दगड, वाहून आलेला मुरूम, कुजलेला पाला हे सगळं हजारो वर्षं पदरावर साचत आलं आहे. तिथे माती खोल असते. कड्याच्या पोटातून झिरपणारं पाणी असतं, आणि जमीन आसपासच्या मानाने सपाट असते. भाताला याहून जास्त काही लागत नाही. म्हणून वाड्या पदरावर किंवा डोंगराच्या पायथ्याशी वसल्या, पिढ्यान्‌पिढ्या नांदल्या.

आणि धोकाही तिथेच आहे. जी माती पोसते, तिचा मोठा भाग जुन्या दरडींनीच खाली आणलेला आहे. ती खालच्या कातळाशी एकजीव झालेली नाही, नुसती त्याच्यावर टेकून आहे. ‘इतकी वर्षं काही झालं नाही’ हे वाक्य प्रत्येक वाडीत ऐकू येतं, आणि ते खरंही असतं. पण माणसाच्या चार पिढ्या म्हणजे डोंगराच्या हिशेबात काहीच नाही.

उतारावरची माती स्वतःच्या वजनाने खाली ओढली जात असते. कणांमधलं घर्षण आणि झाडांची मुळं तिला धरून ठेवतात. पाऊस हा तोल दोन्हीकडून बिघडवतो. भिजलेलं पोतं कोरड्यापेक्षा जड लागतं, तसं मातीचं वजन वाढतं. त्याच वेळी कणांमधल्या पोकळ्यांत पाणी भरतं, त्याचा दाब कणांना एकमेकांपासून दूर ढकलतो आणि पकड सुटत जाते. खालचा कातळ पाणी सहजासहजी आत घेत नाही, त्यामुळे ते मातीच्या तळाशी, नेमकं सांध्यावर साचतं. आठ-दहा दिवस झड लागून डोंगर आकंठ भिजलेला असावा आणि त्यावर एका रात्रीत ढगांनी सगळा भार रिकामा करावा, ही सर्वांत घातक जोडी. मग एका क्षणी अख्खा थर निसटतो. निसटल्यावर तो ढिगारा राहत नाही. पाणी, चिखल, दगड आणि झाडं यांचा लोंढा होतो आणि पाण्याची जुनी वाट धरून खाली येतो. लोकांना पळायला वेळ मिळत नाही तो यामुळे.

कड्यावरून सुटा दगड पडणं ही वेगळी गोष्ट आहे. कातळाला उभ्या-आडव्या चिरा असतात. त्यांत पाणी शिरतं, झाडांची मुळं शिरतात, चिरा रुंदावतात आणि एक दिवस धोंडा निखळतो. घाटरस्त्यांवर बहुतेक वेळा हेच होतं. रोजच्या बोलण्यात दोन्हीला आपण ‘दरड कोसळली’ असंच म्हणतो, पण उपाय करायचे तर हा फरक ध्यानात घ्यावा लागतो. धोंड्याला जाळी अडवू शकते. चिखलाच्या लोंढ्यापुढे जाळीचं काही चालत नाही. तिथे माणसं हलवणं हाच उपाय.

माळीणच्या दुर्घटनेनंतर पडकईची पुष्कळ चर्चा झाली. पडकई ही इथल्या आदिवासींची जुनी रीत आहे. उताराची जमीन फोडायची, निघालेल्या दगडांची ताल रचायची आणि तिच्या आड माती धरून भातखाचर तयार करायचं. एकमेकांच्या शेतात मिळून राबायचं आणि काम दरवर्षी थोडं थोडं पुढे न्यायचं. पुढे त्याच नावाखाली यंत्रं उतारावर चढली. हाताने वर्षानुवर्षं होणारं काम काही दिवसांत उरकायला लागलं, उतार पायथ्याशी कापला गेला, भुसभुशीत भराव पडला, पाण्याच्या वाटा बदलल्या. अतिवृष्टी आणि बदललेला उतार या दोन्हींकडे अभ्यासकांनी बोट दाखवलं. पण त्यावरून सगळा दोष आदिवासींच्या शेतीवर टाकणं अन्यायाचं आहे. पोटापुरतं भात पिकवण्यासाठी ताल रचणारा शेतकरी आणि डोंगराचा पाय कापून काढणारं यंत्र यांत महदंतर आहे.

माळीणपासून जवळच आमडे इथे नवं गाव उभं राहिलं. २ एप्रिल २०१७ रोजी तत्कालीन मुख्यमंत्र्यांच्या हस्ते घरांचा ताबा दिला गेला. तोवर माणसांनी पत्र्याच्या तात्पुरत्या घरांत दिवस काढले होते. पक्की घरं, शाळा, दवाखाना, रस्ते असं सगळं आखीव काम होतं. मात्र त्याच वर्षी जूनमधल्या पहिल्या मोठ्या पावसात नव्या गावातले काही रस्ते खचले, भराव वाहिला, काही ठिकाणी भेगा दिसल्या. डोंगराखालून सुटून आलेल्या लोकांनी पुन्हा जमिनीत भेग पाहिली तेव्हा त्यांच्या मनाची काय अवस्था झाली असेल, याचा विचार करावा. दुरुस्त्या झाल्या. उतारावर सपाटी करून वसवलेल्या गावाला घरांच्या आधी पाण्याचा निचरा लागतो, हा धडा तिथे चांगलाच महागात शिकायला मिळाला.

तिथून दक्षिणेकडे, भोरमार्गे महाडला जायचं तर वरंधा घाट उतरावा लागतो. नीरा देवघर धरणाच्या काठाकाठाने रस्ता घाटमाथ्यावर येतो. वाघजाई मंदिरापाशी चहा-भज्यांच्या टपऱ्या आहेत. पावसाळ्यात हा घाट अवजड वाहनांना, आणि जोर वाढला की सगळ्याच वाहनांना बंद करण्यात येतो. पर्यटक त्यावरून कुरकुर करतात. पण एखाद्या वळणावर थांबून रस्त्यासाठी कापलेल्या दरडीकडे नीट पाहिलं, तर घाट बंद का होतो हे कुणी वेगळं सांगावं लागत नाही.

सर्वांत खाली टणक काळा कातळ. त्यावर वीतभर ते हातभर जाडीचा विटकरी लाल थर. दोन लाव्हा प्रवाहांच्या मधल्या काळात हा तयार झालेला असतो. हात लावला की बोटांना लागतो, ओला असेल तर नखाने कोरता येतो. त्याच्यावर पुन्हा कातळ, पण हा चिरफाळलेला, वर वर जावं तसा कुजत गेलेला. मग पिवळसर मुरूम, आणि अगदी वर हातभर माती, गवत आणि कारवी. पाणी नेमकं लाल थराच्या वरच्या कडेने ठिबकत असतं. हा मऊ थर धुपून आत गेला की वरचा कातळ अधांतरी राहतो. शेजारच्या संरक्षक भिंतीत पाणी निघून जाण्यासाठी भोकं ठेवलेली असतात. त्यांतली काही मातीने आणि गवताने बुजलेली दिसतात. भिंतीमागे पाणी तुंबलं की भिंत डोंगराला धरत नाही, तुंबलेलं पाणीच भिंतीला ढकलतं. घाटातल्या कित्येक भिंती अशाच पडतात. ही भोकं मे महिन्यात साफ करायला फार मोठा खर्च येत नाही.

घाट उतरला की महाड तालुका. रायगडाची वाट इथूनच जाते, शिवथरघळ जवळच आहे. आणि याच तालुक्यात तळिये आहे.

२२ जुलै २०२१ च्या दुपारी तळियेच्या कोंढाळकरवाडीवर डोंगर आला. ऐंशीहून अधिक माणसं गेली. काहींचे देह मिळालेच नाहीत, शेवटी त्यांना मृत घोषित करावं लागलं. त्या दिवशी सावित्री आणि गांधारी या नद्यांनी महाड शहर बुडवलं होतं. रस्ते पाण्याखाली, वीज गेलेली, फोन बंद, त्यामुळे मोठी मदत तळियेत पोहोचायला दुसरा दिवस उजाडला. तोवर शेजारच्या गावातल्या लोकांनी फावडी-घमेली घेऊन जे जमेल ते केलं. वर घाटमाथ्यावर महाबळेश्वरला २३ जुलैच्या सकाळपर्यंतच्या २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. मराठवाड्यातल्या अनेक तालुक्यांत अख्ख्या पावसाळ्यात साधारण इतका पाऊस पडतो.

त्याच पावसाने पोलादपुरात केवनाळे आणि साखर-सुतारवाडी, खेड तालुक्यात पोसरे, आणि घाटापलीकडे साताऱ्याच्या पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे ही गावंही धरली. बातम्यांत तळियेचं नाव राहिलं, बाकीची मागे पडली. डोंगर मात्र त्या दोन दिवसांत एका मोठ्या टापूत जागोजागी सुटत होता. अशा वेळी बचाव पथकं कुठे कुठे पुरणार?

महाडकरांना हे नवं नव्हतं. मुंबई बुडाली त्या २६ जुलै २००५ ची आठवण सगळ्या महाराष्ट्राला आहे. त्याच्या आदल्या दिवशी महाड तालुक्यात दासगाव, जुई, रोहन आणि कोंडिवते या चार गावांवर दरडी कोसळल्या होत्या. चारही गावांत मिळून दोनशेच्या जवळपास माणसं दगावली. मुंबईच्या महापुरात ही बातमी झाकली गेली. त्यानंतर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने रायगड जिल्ह्याची पाहणी केली, शंभरहून अधिक गावं दरडींच्या धोक्यात असल्याचं सांगितलं, याद्या झाल्या. दासगावच्या काही कुटुंबांना तर कायमच्या घरासाठी अनेक वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये काढावी लागली. सोळा वर्षांनी त्याच तालुक्यात तळिये घडलं. माहिती होती, कागद होते. माणसाला एका जागेवरून दुसऱ्या जागी नेऊन बसवण्याची व्यवस्था मात्र नव्हती. जागा शोधायची, ती खासगी असेल तर विकत घ्यायची, वनखात्याची असेल तर परवानगीची वाट पाहायची. आणि शेत, गोठा, देव मागे ठेवून जायला लोकांचं मन वळवायचं. दरडीच्या प्रश्नातला सर्वांत कठीण भाग हा आहे. त्याला भूशास्त्रापेक्षा महसूल खात्याची चिकाटी जास्त लागते.

महाडच्या मागे वीर स्टेशन आहे. तिथून कोकण रेल्वेने दक्षिणेकडे निघालं की डोंगराशी केलेली दुसऱ्या प्रकारची तडजोड दिसते. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत ७४१ किलोमीटरचा हा मार्ग. ९१ बोगदे, आणि बोगद्यांच्या दोन्ही तोंडांना डोंगर चिरून काढलेल्या खोल कापण्या. प्रवासी खिडकीतून धबधबे बघतात. रेल्वेवाल्यांचं लक्ष धबधब्याबरोबर काय खाली येतंय याकडे असतं.

२२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ कारवारहून मुंबईकडे येणारी सुट्टीतली विशेष गाडी रुळांवर आलेल्या दरडीवर आदळली आणि पन्नासच्या वर प्रवासी मरण पावले. पुढच्याच वर्षी, १६ जून २००४ ला, करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेस रुळावरच्या धोंड्याला धडकून पुलावरून घसरली, त्यातही दहाहून अधिक माणसं गेली. या दोन अपघातांनी कोकण रेल्वेचा पावसाळा बदलला. कापण्यांचे उतार कमी करण्यात आले, कड्यांवर पोलादी जाळ्या आवळण्यात आल्या, तारेच्या पिंजऱ्यात दगड भरून भिंती उभारण्यात आल्या, काही जागी उतारावर खोल मुळांचं गवत लावण्यात आलं. पावसाळी वेळापत्रकात गाड्यांचा वेग उतरवला जातो. मुसळधार पावसात पुढचं दिसेनासं झालं तर ताशी ४० किलोमीटरची मर्यादा असते. स्टेशनांवर पर्जन्यमापक आहेत.

आणि चालणारी माणसं आहेत. रात्री गाडी एखाद्या बोगद्यापाशी मंदावते तेव्हा काळोखात एक दिवा हलताना दिसतो. रेनकोट, हातात बत्ती आणि झेंडे, खांद्याला पिशवी, त्यात रुळावर ठेवायचे इशाऱ्याचे फटाके. ठरलेल्या टप्प्यात हा माणूस रात्रभर पायी फिरतो, वर पाहतो, आवाज ऐकतो, काही वेगळं दिसलं तर गाडी थांबवतो. जाळ्या आणि यंत्रं आली तरी कोकणात पावसाळ्यात सुखरूप पोहोचणाऱ्या प्रत्येक गाडीमागे या माणसांची रात्रभराची पायपीट असते, आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते.

तरीही डोंगर पूर्ण ताब्यात आलेला नाही. रत्नागिरीजवळच्या पोमेंडीच्या कापणीने अनेक पावसाळे छळलं. १४ जुलै २०२४ ला खेडजवळ दिवाणखवटी बोगद्यापाशी माती रुळांवर आली आणि मार्ग साधारण दिवसभर ठप्प झाला.

रत्नागिरी जिल्ह्यात डोंगराचा रंग बदलतो. काळ्या कातळावर जांभ्याचं टोपण येतं. जांभा वरून टणक, घरं बांधायला उत्तम, पण जाळीदार. तो पाणी खाली सोडतो आणि त्याखाली बऱ्याचदा मऊ चिकणमातीचा जाड थर असतो. उतार आहे तसा राहिला तर हे शतकानुशतकं टिकतं. रस्त्यासाठी त्याचा पाय उभा कापला की चिकणमाती उघडी पडते. मुंबई–गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणात चिपळूणजवळच्या परशुराम घाटात हेच दुखणं उभं राहिलं, २०२२ मध्ये कामासाठी घाट दिवसाचे काही तास बंद ठेवावा लागला. हाच महामार्ग गोवा ओलांडून कारवारकडे जातो. तिथे अंकोल्याजवळ शिरूर इथे १६ जुलै २०२४ ला डोंगर रस्त्यावर आला, रस्त्याकडेचं चहाचं दुकान आणि थांबलेली वाहनं घेऊन थेट गंगावळी नदीत उतरला. माती नदीत शिरताच पाण्याची लाट उसळली आणि पलीकडच्या काठावरच्या उळुवरे गावातली घरं तिने मोडली. दरड एका काठावर आणि मरण दुसऱ्या काठावर, असंही होतं. एका मालट्रकचा शोध नदीच्या तळाशी दोन महिन्यांहून अधिक काळ चालला होता.

मात्र प्रत्येक दरडीला रस्ता किंवा यंत्र कारण असतं असं मानणं चुकीचं आहे. ते पाहायचं तर पुन्हा उत्तरेला, रायगड जिल्ह्याच्या खालापूर तालुक्यात जावं लागतं. जुन्या मुंबई–पुणे रस्त्यावर चौक लागतं. तिथून मोरबे धरणाच्या मागे इर्शाळगडाचा सुळका आणि त्याचं नेढं दिसतं. नानिवलीतून पायवाट चढते, तासाभराहून अधिक दमछाक होते, आणि मग गडाच्या पदरात इर्शाळवाडी यायची. गडावर जाणाऱ्यांना ठाकरांची ही वाडी चांगली माहीत होती. पाणी, चूल, जेवण, रात्रीचा आसरा हे सगळं तिथे मिळायचं. वाडीला गाडीरस्ता नव्हता. डोंगर कुणी कापला नव्हता, खाण नव्हती, आजूबाजूला रान होतं.

१९ जुलै २०२३ च्या रात्री, लोक झोपलेले असताना, वरचा उतार सुटला. तीन दिवसांत तिथे ४९९ मिलिमीटर पाऊस झाल्याचं सरकारने विधिमंडळात सांगितलं. हे गाव दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हतं, हेही तिथेच सांगण्यात आलं. खोदयंत्रं वर नेता येईनात, त्यामुळे शेकडो जवान, कामगार आणि गिर्यारोहक हातांनी माती उपसत राहिले. मदतीसाठी रात्री डोंगर चढताना अग्निशमन दलाचे एक अधिकारी हृदयविकाराच्या झटक्याने गेले. २७ मृतदेह मिळाले, ५७ जण बेपत्ता राहिले, आणि २३ जुलैला शोधकार्य थांबवण्यात आलं. ती जागाच त्यांची समाधी ठरली. वाचलेल्यांसाठी चौकजवळ नवी घरं बांधण्यात आली.

यादीत नाव नसलेलं गाव पूर्ण गेलं, ही गोष्ट साऱ्यांनी मनावर घ्यायला हवी. यादी ही बहुधा जिथे पूर्वी काही घडलं किंवा जिथे भेगा दिसल्या, अशा जागांची असते. पदर, त्यावरची जाड माती, वरचा कडा आणि जवळून उतरणारा नाला, ही चौकट सह्याद्रीत शेकडो ठिकाणी सापडते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने २०१४ पासून देशभरातल्या डोंगराळ भागाचे दरडप्रवणतेचे नकाशे करायला घेतले, त्यात सुमारे सव्वाचार लाख चौरस किलोमीटर क्षेत्र आलं. ‘इस्रो’च्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने २०२३ मध्ये दरडींचा अ‍ॅटलास काढला, त्यात १९९८ ते २०२२ या काळातल्या सुमारे ऐंशी हजार दरडींची नोंद आहे. काम मोलाचं आहे. पण नकाशा तालुक्याला लाल रंग देतो. कोणती वाडी, कोणती घरं, कोणत्या रात्री, हे त्याला सांगता येत नाही.

‘कोणत्या रात्री’ हे सांगण्याचा प्रयत्न आता सुरू झाला आहे. आधीचे काही दिवस किती पाऊस झाला आणि पुढच्या २४ तासांत किती अपेक्षित आहे, यांवरून धोक्याची पातळी ठरवता येते. पुण्यातल्या सेंटर फॉर सिटिझन सायन्स या संस्थेचा ‘सतर्क’ उपक्रम सह्याद्रीसाठी असे इशारे देतो. केरळात मुन्नारला अमृता विद्यापीठाच्या संशोधकांनी जमिनीत संवेदक पुरून पाण्याचा दाब आणि मातीची हालचाल मोजण्याची व्यवस्था उभारली आहे. १९ जुलै २०२४ ला, इर्शाळवाडीला एक वर्ष झालं त्या दिवशी, कोलकात्यात राष्ट्रीय भूस्खलन पूर्वानुमान केंद्र सुरू झालं. सुरुवात दार्जिलिंग, कालिम्पाँग आणि निलगिरीपासून झाली. त्यानंतर अकराच दिवसांनी, ३० जुलैला, केरळच्या वायनाडमध्ये मुंडक्काई आणि चूरलमला ही गावं मध्यरात्रीनंतर आलेल्या लोंढ्याने नेली, अडीचशेहून अधिक माणसं गेली. माळीणला त्या दिवशी दहा वर्षं झाली होती. पश्चिम घाट तोच, महिना तोच, तारीखही तीच.

मोठ्या शहरातल्या वेधशाळेतून निघालेला इशारा वाडीपर्यंत पोहोचला तरी वाडीने काय करायचं, हे ठरलेलं असायला हवं. रात्री कोणत्या शाळेत किंवा समाजमंदिरात जायचं, म्हातारी माणसं कोण उचलणार, गुरांचं काय, किल्ली कुणाकडे. हे मे महिन्यात ठरवायचं काम आहे. गावात एक साधा पर्जन्यमापक आणि त्याची रोज सकाळी वही भरणारा एक जाणता माणूस असेल तर पुष्कळ होतं, कारण घाटात पाऊस दर पाच किलोमीटरला बदलतो आणि तालुक्याच्या ठिकाणचा आकडा वाडीला लागू पडत नाही. आठवडाभर पाऊस लागला आणि जोर वाढला की दोन-तीन रात्री खाली झोपायला जायचं. दहापैकी नऊ वेळा काही होणार नाही, लोक कंटाळतील. तरीही जावं.

डोंगर पुष्कळदा आधी खुणा देतो. उतारावर नवी, चंद्रकोरीच्या आकाराची भेग पडते. झाडं आणि विजेचे खांब एका बाजूला कलतात. घराची दारं-खिडक्या एकाएकी घट्ट बसेनाशी होतात, भिंतीला तिरपी चीर जाते. बारमाही झरा गढूळ होतो किंवा अचानक आटतो, आणि नको तिथून पाणी फुटतं. भर पावसात ओढ्याचं पाणी एकदम कमी झालं तर वर कुठेतरी त्याची वाट तुंबली आहे, असं समजून लगेच ओढ्यापासून दूर व्हावं. जमिनीतून घरघर ऐकू आली तर सामान घेत बसू नये, लोंढ्याच्या वाटेतून आडव्या दिशेने बाहेर पडावं.

जुलैत ताम्हिणी, वरंधा, माळशेज, आंबोली इथे हजारोंनी पर्यटक जातात. त्यांनी सोबत एवढं काम जरूर घ्यावं. घाटात कापलेल्या दरडीखाली गाडी उभी करून भजी खायला थांबू नये, बंद केलेल्या घाटात अडथळे हलवून घुसू नये. डोंगरात फिरताना उतारावर ताजी भेग दिसली, खालच्या वाडीतल्या झऱ्याचं पाणी गढूळ झाल्याचं कानावर आलं, तर फोटो काढून पुढे जाऊ नये. वाडीतल्या चार माणसांशी बोलावं, पोलीस पाटलांना किंवा तलाठ्यांना सांगावं, आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाच्या १०७७ या क्रमांकावर त्याच दिवशी कळवावं.